वाघाची मावशी, शेर की खाला

'टॉकिंग टॉम' नावाचं मांजर २०१० साली मोबाइलमध्ये आलं. आपण जे बोलू ते चिरक्या आवाजात परत बोलून दाखवतं. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं त्याला ओळखतात. अम्मी स्वयंपाकात, अब्बा दुकानावर आणि लेकरू मोबाइलशी 'बोलतंय' म्हणून घरचे निर्धास्त.

मी नाशिकमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत लहान मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसते. मुलाला कार्टूनमधली वाक्यंच्या वाक्यं पाठ असतात, पण तहान लागली की ते नुसतं बोट दाखवतं. आपण याला पोपटपंची म्हणतो. टॉमही तेच करतो. मूल 'पाणी' म्हणालं की तोही 'पाणी' म्हणतो. 'थंड देऊ की साधं?' असं तो विचारत नाही. भाषा वाढते ती या दुसऱ्या प्रश्नामुळे.

माझ्या पिढीनं बोलकी पात्रं पाहिली ती रामदास पाध्ये यांची. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून आलेला अर्धवटराव रामदासजींनी घराघरांत पोहोचवला. १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातल्या तात्या विंचूची बाहुलीही त्यांचीच. अर्धवटराव कुणाचं बोलणं नुसतं परत बोलत नसे. तो उलट उत्तर द्यायचा, विचारलं एक तर सांगायचा भलतंच. टॉम आणि अर्धवटराव, दोन्ही खेळातलीच पात्रं. फरक इतकाच की अर्धवटरावाच्या मागे एक जिवंत माणूस होता, समोरच्याचं ऐकून बोलणारा.

हा फरक डोक्यात ठेवून मी एका जुन्या मोज्याची मांजर केली. दोन बटणांचे डोळे, लोकरीच्या मिशा, खर्च शून्य. मराठीत मांजर वाघाची मावशी आणि उर्दूत शेर की खाला. नातं दोन्हीकडे एकच! म्हणून मराठीच्या तासाला ती 'मावशी' असते आणि उर्दूच्या तासाला 'खाला'.

मावशीच्या तीन सवयी आहेत. पहिली, ती चुकते. केळं हातात घेऊन 'हा माझा चष्मा' म्हणते. एरवी तोंड न उघडणारं मूलही 'नाही, केळं!' असं ओरडतं. बाईंना दुरुस्त करायला मूल घाबरतं, मांजरीला नाही. दुसरी, ती थांबते. प्रश्न विचारला की मी मनात दहापर्यंत मोजते. आपण मोठी माणसं मुलाला उत्तर जुळवायला वेळच देत नाही, त्याच्या वतीनं आपणच बोलून टाकतो. तिसरी, ती एक-दोन शब्द वाढवून देते. मूल 'गाडी' म्हणालं की ती म्हणते, 'लाल गाडी! कुठं चालली?' मूल 'तेळं' म्हणालं तर ती त्याला हसत नाही, 'पुन्हा बोल' असा हुकूमही देत नाही. 'हो, केळं! मला पण केळं हवं,' एवढंच म्हणते. बरोबर उच्चार कानावर पडतो आणि गप्पाही तुटत नाहीत.

इथं आपल्या घरांविषयी थोडं बोलायला हवं. आपली मुलं 'बाळ'ला 'बाल' म्हणतात. हा वाणीदोष नाही. उर्दूत 'ळ' नाहीच, तो कानाला सवय झाल्यावर येतो. उलट 'ख़ाला'तला 'ख़' घशातून काढायला मराठी घरातल्या मुलाला तितकाच सराव लागतो. 'दोन भाषांमुळे पोरगं गोंधळलं, आता घरातही इंग्रजीच बोलू' असं ठरवणारे पालक मला भेटतात. दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं खुंटत नाही. स्वतःला नीट न येणाऱ्या भाषेत आई बोलू लागली तर मात्र घरातल्या गप्पाच आटतात.

काही पालक दबक्या आवाजात विचारतात, 'आपा, गुड़िया से खेलना जायज़ है?' आकृत्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, याची मला जाणीव आहे. पण हज़रत आयशा (रज़ि.) यांच्या बाहुल्यांची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. त्या खेळण्यांत एक पंखांचा घोडा होता. प्रेषितांनी (स.) हे काय, घोड्याला पंख कसे, असं विचारलं. सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे तुम्ही ऐकलं नाही का, असं उत्तर मिळालं आणि ते मनमोकळं हसले. शिक्षक म्हणून मला यात एक धडा दिसतो. त्यांनी खेळण्याविषयी प्रश्न विचारले, उत्तर पूर्ण ऐकलं आणि दाद दिली.

मोज्याची मांजर म्हणजे इलाज नव्हे, हेही सांगायला हवं. चार वर्षांचा एक मुलगा खालावर फार खूश असे, पण फक्त ती समोर असताना. पाठीमागून हाक मारली की तो वळायचाच नाही. आजी म्हणायची, 'लड़का है, देर से बोलेगा.' मी त्याच्या आईला आधी कान तपासून घ्यायला सांगितलं. पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. उपचार झाले. पुढच्या काही महिन्यांत त्याचे एकेक शब्द जोडले जाऊन वाक्यं होऊ लागली. आणखी वर्षभर सगळे 'बोलेल, बोलेल' म्हणत थांबले असते, तर ते वर्ष त्याचं गेलं असतं.

म्हणून साधा हिशेब लक्षात ठेवा. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांचं होईपर्यंत 'अम्मी पानी' असे दोन शब्द जोडून बोलणं, आणि तिसऱ्या वर्षी घराबाहेरच्यांनाही बरंचसं कळेल असं बोलणं. थोडं मागेपुढे चालतं. फार मागे असेल तर वाट पाहू नका. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये आणि शाळांमध्ये येतात. ही तपासणी मोफत असते. अंगणवाडी सेविकेला तारीख विचारा आणि तिथं शंका बोलून दाखवा. त्यात लाज कसली?

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कष्टाच्या घरात हे अवघड आहे, मला माहीत आहे. मग निदान त्या वेळात शेजारी बसा. 'टॉम का पडला रे? त्याला लागलं का?' असं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. भाकरी थापताना, दुकानाचं शटर ओढल्यावर, झोपण्याआधी, कधीही जमेल. हातात जुना मोजा असला तर उत्तमच. नसला तर चमचाही बोलू शकतो.