पिंपाला आलेला ताप

दह्याचे विरजण लावणाऱ्याला काळजी थंडीची. घरी बीअर लावणाऱ्याला काळजी उकाड्याची. दही उबेत ठेवले की आपण मोकळे. बीअरचे यीस्ट मात्र स्वतःच ऊब निर्माण करते. मोड आणलेल्या जवाच्या काढ्यातली साखर ते खाऊ लागले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंपातले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज चढते. भिंतीवरचा थर्मामीटर बिचारा २१ सांगत राहतो, आणि आत २५!

हे मी शिकलो मँचेस्टरला, भावोजींच्या कोठीत. इंग्लंडात १९६३ पासून घरी बीअर करायला परवाना लागत नाही. भाचीच्या लग्नाच्या जेवणासाठी त्यांनी २३ लिटर काढा लावला, आणि नेमका दुसऱ्या दिवसापासून उकाडा सुरू झाला. बव्हेरियात १५५३ साली ड्यूकच्या हुकमाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर करायला बंदीच घातली होती. पण जूनमधला मुहूर्त धरणाऱ्या भाचीला हे सांगणार कोण?

भावोजींच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. गारठले तर ते झोपी जाते. त्याला पुन्हा उठवता येते. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप चढला, तर बीअरला थिनरसारखा वास येतो, घशाला चटका बसतो, आणि मग कितीही थंड केली तरी ती खोड जात नाही. शेवटी शेवटी थोडी ऊब मात्र चालते, किंबहुना हवीच असते.

आम्ही पिंप पाण्याच्या टबात ठेवले, त्याला भावोजींचा जुना सुती सदरा गुंडाळला आणि टोके पाण्यात सोडली. माठ गार राहतो, तीच युक्ती. टबात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या. त्या दर चार तासांनी बदलायच्या. मी बीअर पीत नाही, पण रात्रीची पाळी मात्र घेतली.

ताई दारात येऊन म्हणाली, "पोरीच्या गोवरात एवढे जागला नव्हतात!"

भावोजी काही बोलले नाहीत. त्यांनी सदरा पुन्हा भिजवला.

जेम्स जूलचे नाव मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तो १८१८ साली शेजारच्याच सॅल्फर्डमध्ये, बीअरच्या कारखानदाराच्या घरी जन्मला, हे भावोजींनी मला त्या रात्री सांगितले. अंशाचाही बारीक तुकडा मोजण्याचा त्याचा हट्ट त्या पिंपांशेजारीच वाढला असावा, असे मला वाटते.

चौथ्या पहाटे पिंपावरची तापमानपट्टी १९ वर आली. भावोजींनी सदरा पिळून दोरीवर टाकला. महिनाभर लग्नाच्या यादीकडे त्यांनी पाहिलेही नव्हते. हात पुसत ते म्हणाले, "मास्तर, मुंबईहून किती माणसे येणार आहेत?"