शिफारशीआधी अंतर
असंख्य खेळाडू इंटरनेटवरून ज्या काल्पनिक जगात आपापले पात्र घडवतात आणि जे जग त्यांच्या गैरहजेरीतही चालू राहते, अशा भूमिकाप्रधान खेळांची परंपरा इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली सुरू केलेल्या ‘मड’ या केवळ शब्दांवर चालणाऱ्या खेळापर्यंत जाते. त्याचे सहनिर्माते रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : यशामागे धावणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. खेळ सुचवताना ही विभागणी आजही उपयोगी पडते, परंतु बेंगळुरूत ती पुरत नाही, कारण येथे सर्व्हर, म्हणजे ते जग सांभाळणारा संगणक, कोठे आहे हे आधी पाहावे लागते. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे सुमारे ३,२०० किलोमीटरवरील सिंगापूरमधल्या सर्व्हरशी जाऊन-येऊन किमान ३२ मिलिसेकंद लागतात, आणि केबलचे वळसे धरता त्याहून अधिक. २०१२ सालचा ‘गिल्ड वॉर्स २’ मासिक वर्गणी मागत नाही, पण येथून खेळता येणारे त्याचे सर्व्हर उत्तर अमेरिका व युरोपातच आहेत; डोंगरदऱ्या न्याहाळत हिंडणाऱ्याला त्या विलंबाची झळ लागत नाही, कुरघोडीखोराला मात्र हा खेळ सुचवणे हा खोडसाळपणाच ठरेल. गप्पांत रमणाऱ्यांची अडचण घड्याळाची असते : मध्य युरोपातील रात्री आठची सामूहिक मोहीम हिवाळ्यात येथे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होते.