दुसऱ्या भागातला दगडू आणि आमच्या सोयरिकी

रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ 2014 च्या जानेवारीत आणि त्याचा दुसरा भाग 2015 च्या महाराष्ट्रदिनी लोकांपुढे आला. या दोन तारखांत दीड वर्षाचेही अंतर नव्हते, तरी पडद्यावर मधली कित्येक वर्षे उलटून गेली होती, आणि आमच्या गंगाखेड तालुक्यात काळाची गणना पिकांवरून करायची म्हटली, तर आमचीही तितकीच उलटली होती. पहिल्या भागाच्या पाठोपाठ फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळून हाताशी आलेली रब्बी आडवी झाली, पुढचा पावसाळा कोरडा गेला, आणि खरिपाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आल्याची चर्चा तलाठ्याच्या सज्जापासून चहाच्या हॉटेलापर्यंत पसरली, तेव्हा राणीसावरगावच्या पंचक्रोशीत ज्यांच्या सुपाऱ्या फुटल्या होत्या त्यांच्या तिथी पुढे गेल्या, आणि ज्यांच्या फुटायच्या होत्या त्यांचे बायोडाटे मध्यस्थांच्या पिशव्यांत तसेच पडून राहिले.

आम्ही शाळेपासूनचे चौघे. एक पुण्यास सदाशिव पेठेत राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देत असे, एकाचे गंगाखेडला मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते, एक वडिलार्जित शेती करी, आणि मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवीत असे, जिथे मला मास्तर म्हणत परंतु पगार देत नसत. पहिला भाग आम्ही एकत्र पाहिला होता. सबब दुसराही एकत्रच पाहावयाचा असा आमचा अलिखित करार होता, आणि पुण्याचा मित्र सुटीत गावी आल्यावर, ऐन मे महिन्यात, गंगाखेडहून गाडी धरून आम्ही परभणी गाठली.

पडद्यावर चित्रपटाचा नायक दगडू अवतरला तो ओळखीचा नव्हता. पहिल्या भागात प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांनी केलेल्या भूमिका आता प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट यांच्याकडे आल्या होत्या, आणि थेटरात त्याबद्दल बराच असंतोष प्रकट झाला. आमचा दुकानदार मित्र तर ‘‘आरं, ह्यो आपला दगडू न्हाई लेका’’ असे पुनःपुन्हा म्हणत राहिला. मला मात्र त्या सबंध चित्रपटात हीच एक गोष्ट निखालस सत्य वाटली, कारण ज्या मुलासोबत मी रेणुकामातेच्या नवरात्रात रात्र रात्र हिंडलो, तो आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मध्यंतरात बँकेच्या पीककर्जाचे पुनर्गठन कसे करतात हे विचारणारा मनुष्य, यांचे चेहरे तरी कुठे एक होते? बाकी कथानकाशी आमचा मेळ बसेना. तिथे प्रेमाच्या वाटेत आडवा येणारा बाप होता, आणि बापाला शेवटी वळवता येते. आमच्याकडे कोणाच्या प्रेमास कोणी हरकत घेतली नव्हती, हरकत होती ती सातबाऱ्याची.

त्याच उन्हाळ्यात शेती करणाऱ्या मित्रासाठी मुली पाहण्यास आम्ही हिंडलो. बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड जमीन, खाली थोडी काळी, एक विहीर, एवढा त्याचा जाहीरनामा. तो ऐकून घेऊन मुलीचे काका-मामा अत्यंत अदबीने एकच प्रश्न विचारीत, की पाहुणे, पोराला नोकरीचं कुठं काही? शिपाई असता तरी चालले असते. ज्या घरातले कर्ते पुरुष स्वतः शेतकरी, तेच शेतकऱ्यास मुलगी देण्यास कचरत, यात लबाडी नव्हती. आपल्या धंद्याची पुरती माहिती असलेल्या माणसांची ती साक्ष होती. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त एक मुलगा आणि एक मुलगी पुण्यात दिवसभर हिंडत, भांडत, एकमेकांस ओळखू लागतात, आणि त्याच 2015 च्या दिवाळीत आलेल्या दुसऱ्या भागात लग्न तोंडावर आल्यावर मुलीच्या मनात पुन्हा शंका उभी राहते, शंका घेण्यास एवढा अवकाश मिळणे ही चैनच होय. आमच्याकडे पोहे संपून चहा येईपर्यंत जे बोलायचे ते बोलायचे, आणि तेही सर्वांदेखत.

अशाच एका बैठकीत, काही विचारायचे असल्यास विचार, असे वडीलधाऱ्यांनी म्हटल्यावर मुलगी मान वर करून म्हणाली, ‘‘नळाला पाणी किती दिवसांनी येतं?’’ मध्यस्थाने माझ्या मित्राच्या गुडघ्यास गुडघा लावला, तो न जुमानता मित्र म्हणाला, ‘‘आठ-आठ दिवस येत नाही. विहिरीवरून आणावं लागंल. मी आणीन.’’ ती सोयरीक जमली. पुढे ती वहिनी होऊन आमच्याशी मोकळेपणी बोलू लागली, तेव्हा तिने सांगितले की आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी रोज पाणी येते असेच सांगितले होते. लग्न लागले तो उन्हाळा 2016 चा. एप्रिलमध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी नेले जात होते, आणि आमच्या मांडवात टँकर आला तेव्हा वऱ्हाडी मंडळींत जी लगबग उडाली ती नवरदेवाच्या घोड्यास पाहूनही उडाली नव्हती.

पुण्याचा मित्र यथावकाश परीक्षा सोडून एका खासगी कंपनीत लागला, दुकानदाराने गंगाखेडलाच घर केले, आणि मलाही, शाळेस अंशतः अनुदान मिळाल्याची बातमी सोयऱ्यांपर्यंत पोचताच, स्थळे येऊ लागली. 2022 च्या जुलैअखेरीस ‘टाइमपास’चा तिसरा भाग निघाला, प्रथमेश परब पुन्हा दगडू झाले होते आणि गोष्ट मागे सरून कॉलेजच्या दिवसांत गेली होती. करार आठवून मी मित्राच्या घरी गेलो, तर तो सोयाबीनवर फवारणीस गेलेला, आणि वहिनी ओसरीवर धाकट्याला जेवू घालीत बसलेली. चौकशी तिनेच सुरू केली.

‘‘ह्यात लग्न झालेलं हाय का व्हायचंय?’’

व्हायचंय, मी म्हणालो, गोष्ट मागे गेली आहे.

‘‘मग तुमी तिघं जावा, भावजी. लग्न झाल्यावरचा काढला की सांगा, आमी दोघं येऊ.’’