मरुभूमीचे पाहुणे

मनुष्याला पशुपक्ष्यांचा लळा लागावा, यात नवल नाही. नवल आहे ते इतकेच की, ज्याच्यावर आपण माया करतो त्या मुक्या जीवाला नेमके काय हवे, हे जाणून घेण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. शाळा सोडून कित्येक वर्षांनी आम्ही भोपाळच्या अयोध्या नगरात बिऱ्हाड केले आणि तेथे आमच्या धाकट्या कन्येच्या हट्टापायी दोन जर्बिल घरी आले. तेव्हापासून हा विचार आमच्या नित्याचा झाला.

जर्बिल हा उंदराच्या कुळातला, मुठीत मावेल एवढा, भुरकट अंगाचा आणि केसाळ शेपटीचा प्राणी. पाळीव जर्बिलांचे मूळ घर म्हणजे मंगोलिया व उत्तर चीन येथील रुक्ष प्रदेश. आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकाने १८६६ साली त्यांचे नमुने पॅरिसला धाडले. पुढे १९५४ साली जपानमधून ११ जोड्या संशोधनासाठी अमेरिकेस गेल्या, आणि प्रयोगशाळेतला हा प्राणी हळूहळू घरोघरी पोहोचला. आपल्या शेतांतही त्याचा एक आप्त बिळे करून राहतो. हरिणासारख्या उड्या मारणाऱ्या या प्राण्याचे हिंदीतील जुने नाव ‘हरना मूस’ असे आहे. मात्र रानातल्या या उंदराच्या अंगी प्लेगचे जंतू असू शकतात. सबब त्याला धरून घरी आणणे सर्वथा अयोग्य होय.

आमचे जर्बिल विकणारा दुकानदार म्हणाला होता, “साहेब, हा वाळवंटातला प्राणी; याला उन्हाची काय भीती?” हे बोलणे वरकरणी पटण्याजोगे असले, तरी सत्य निराळे आहे. वाळवंटातला प्राणी ऊन सोसत नाही, तो ऊन चुकवतो! जमिनीखाली खोल बीळ खणून तो गारव्यात बसतो. भोपाळच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो; अशा वेळी उथळ पिंजऱ्यातील जर्बिलाने जावे कोठे? म्हणून आम्ही काचेची मोठी पेटी घेतली, तीत वीतभर उंचीचा कागदाच्या कपट्यांचा व सुक्या गवताचा थर दिला आणि एक मातीचे मडके आडवे ठेवले. दोन दिवसांत सोन्या व मोन्या यांनी आत बोगद्यांचे जाळे विणले. अंग स्वच्छ करावयास लोळण्यापुरती वाळू, दात झिजविण्यास लाकडाचा तुकडा, ज्वारी-बाजरीचे दाणे आणि ताजे पाणी एवढ्यावर ही स्वारी तृप्त! त्यांना उचलताना शेपटी कधी ओढू नये. तिची कातडी सुटून येते. ओंजळ पुढे करावी, ते आपण होऊन चढतात.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी सोन्या उठलाच नाही. मोन्या दिवसभर मडक्यापाशी बसून राहिला. दाण्यांना त्याने तोंड लावले नाही. कन्या म्हणाली, “बाबा, आता हा कोणाच्या कुशीत निजणार?”

प्रश्न बिकट होता. जर्बिल एकटा झुरतो; पण अनोळखी जर्बिल एकाएकी जवळ सोडला, तर दोघे जीव जाईपर्यंतही झुंजतात. आम्ही एक लहानगा नर आणला आणि पेटीच्या मध्यभागी बारीक तारेची जाळी उभी केली. रोज दोघांच्या बाजू बदलल्या, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याच्या परिचयाचा व्हावा. पहिले चार दिवस मोन्या मागचे पाय आपटून घर दणाणून सोडी. कन्या शाळेतून आली की दप्तर न उतरविताच पेटीपाशी धावे. बाराव्या दिवशी पाहतो तो, जाळीच्या दोन्ही अंगांना दोघे एकमेकांना चिकटून निजलेले! दुसऱ्या दिवशी घरातल्या सर्वांच्या देखत, हाती जाड मोजे घालून, आम्ही जाळी काढली. मोन्याने पिलाला हुंगले, मग त्याचे कान चाटले. त्यापुढे आठ महिने, अखेरच्या रात्रीपर्यंत, तो कधी एकटा निजला नाही.

विद्यार्थी मित्रहो, कोणताही प्राणी घरी आणण्याआधी त्याचे मूळ घर कोणते आणि तेथे तो कोणाच्या संगतीने राहतो, एवढे अवश्य शोधून काढा. त्याला कोठे ठेवावे व कसे जपावे, याचे बहुतेक उत्तर त्यातच सापडेल.