पांघरलेले वेड

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. मागच्या वर्षी नववीच्या तासाला 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला. पांघरणे म्हणजे ओढना, असे सांगून चादर ओढल्याची खूणही करून दाखवली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वो 'हैदर' का हीरो सच्ची में पागल था, के पागलपन ओढा था?" मुलाने २०१४ सालचा तो चित्रपट मोबाइलवर पाहिला होता. लाल चौकात डोके भादरून उभा राहिलेला हैदर त्याच्या मनातून जात नव्हता. वर्ग हसला. आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो आणि तास संपवला.

उत्तर येत नव्हते असे नाही. 'हैदर' ज्या नाटकावर बेतला आहे त्या 'हॅम्लेट'वर बी.ए.ला आम्ही मोठे उत्तर लिहिले होते. मुद्दे पाठ होते. बापाचे भूत भेटल्यावर हॅम्लेट होरेशिओला बजावतो की पुढे मी विचित्र वागलो तर तुला काही ठाऊक असल्याचे दाखवू नकोस. पोलोनियससारख्या टेहळणी करणाऱ्यांपुढे तो बरळतो. एकटा असला की बोलणे स्वच्छ असते. आईला तर तो स्वतःच सांगतो की आपले वेड हा कावा आहे. शिवाय शेजारी ओफेलिया आहे. हॅम्लेटच्या हातून बाप मारला गेल्यावर ती खरोखर भ्रमिष्ट होते, गाणी म्हणते, फुले वाटते आणि बुडून मरते. खऱ्याशेजारी ठेवले की खोटे ओळखू येते, असा आम्ही समारोप केला होता. दहापैकी सात गुण मिळाले.

तेच उत्तर त्या मुलाला देता आले नाही, याचे कारण आमचे चाचा.

आमचे बालपण मालेगावात गेले. दादाजानच्या वफातीनंतर बडे अब्बांनी घरचे चार लूम विकले. चाचांना त्यातले काही मिळाले नाही. रात्री ते जिन्यात उभे राहून "हिसाब होगा" असे ओरडत. पुढे कुर्ता उलटा घालू लागले, जेवण टाकू लागले, मोहल्ल्यात येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सुताचे भाव सांगू लागले. दादी म्हणायची, डॉक्टरला दाखवा. बडे अब्बा म्हणत, "नाटक है, हमारी बदनामी का नाटक." आम्ही तेव्हा पाचवीत होतो. एका दुपारी बडे अब्बांनी आमच्या हातावर पाच रुपये ठेवले आणि सांगितले, वर जा, दाराच्या फटीतून बघ, एकटा असला की काय करतो.

चाचा एकटेच होते. कुर्ता सुलटा होता. रेडिओचे सेल काढून ते एकेक पुसत होते आणि पुन्हा नीट बसवत होते. मग पाणी प्याले, पेला पालथा ठेवला, चादरीची घडी घातली. आम्ही खाली येऊन सांगितले, "अच्छे हैं." यात खोटे काहीच नव्हते. त्यानंतर घरात डॉक्टरचा विषय निघाला नाही. दोन वर्षांनी चाचा फजरच्या आधी घरातून निघून गेले. ते परत आले नाहीत.

एकटा असताना शहाणा, म्हणून सोंग, हा मुद्दा आम्हाला आता लिहवत नाही. राजा क्लॉडियस हॅम्लेटच्या दोन जुन्या मित्रांना बोलावून घेतो आणि त्याच्या मनातले काढायला पाठवतो. त्या दोघांवर आम्ही परीक्षेत एक ओळ खर्च केली होती. आता नाटक उघडले की आधी तेच दिसतात.

ही कथा मुळात डेन्मार्कची. शेक्सपिअरच्या सुमारे ४०० वर्षे आधी साक्सो ग्रामाटिकसने ती लॅटिनमध्ये लिहून ठेवली. तिच्यात चुलत्याने बापाचा खून उघडपणे केला आहे आणि पोराचाही जीव धोक्यात आहे. म्हणून तो राखेत लोळतो, लाकडाचे आकडे तासत बसतो. कशाला म्हणून विचारले तर बापाचा सूड घ्यायला, असे खरे सांगतो आणि लोक हसतात. शेवटी झिंगलेल्या दरबाऱ्यांवर भिंतीचा पडदा पाडून तो त्याच आकड्यांनी जखडतो आणि वाडा पेटवतो. तिथे वेड ही ढाल होती. शेक्सपिअरने खून गुप्त ठेवला. हॅम्लेटवर कुणाचा संशयच नव्हता. वेडाने तो उलट ओढवून घेतला. मग हे सोंग कशासाठी? शिवाय भूत दिसण्याआधीच तो मरण मागतो आहे, हे आम्ही उत्तरात सोयीस्कर गाळले होते. अखेरच्या सामन्याआधी तो ओफेलियाच्या भावाची, लेआर्टिसची, माफी मागतो आणि सांगतो की अपराध माझा नाही, माझ्या वेडाचा. आईला सांगितलेले खरे मानावे की हे? दोन्ही त्याच तोंडचे.

आगरकरांनी १८८३ साली या नाटकाचे भाषांतर 'विकारविलसित' या नावाने छापले. १९३५ साली सोहराब मोदींनी त्यावर 'खून का खून' काढला. एकाला नावासाठी विकार सापडला, दुसऱ्याला खून. आम्हाला आपला जुनून हाच शब्द जवळचा वाटतो. जुनून, मजनू, जिन्न हे सारे एकाच अरबी धातूचे आणि त्याचा मूळ अर्थ झाकणे. मराठीत माणूस वेड पांघरतो. अरबीत अक्कल झाकली जाते. कुणी झाकली ते शब्द सांगत नाही. चाचांनी पहिल्या दिवशी कुर्ता मुद्दाम उलटा घातला असेलही. शेवटच्या दिवशी तसे होते का, हे पाच रुपयांत कळणारे नव्हते.

तो मुलगा आता दहावीत आहे. गेल्या आठवड्यात व्हरांड्यात गाठून म्हणाला, "सर, आपका 'उद्या' कब आएगा?" आम्ही त्याला ही सगळी कथा सांगितली, चाचा सोडून. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "उसको डॉक्टर के पास कोई नहीं ले गया?"

घरी येऊन नाटक पुन्हा चाळले. हॅम्लेटला वेड कशाने लागले, याचा शोध राजा घेतो, राणी घेते, पोलोनियस घेतो. 'मॅकबेथ'मध्ये राणीसाठी वैद्य येतो. इथे हॅम्लेटला इंग्लंडला धाडतात.