मिठाची बरणी

परवा सकाळी, या वयात, मला अक्काची बोलणी खावी लागली. गुन्हा म्हणाल तर अगदी क्षुल्लक. रात्री ताकात मीठ घालून घेतले आणि मिठाची बरणी साखरेच्या जागी ठेवून दिली. सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "बरण्या कोणी हलवल्या?" मी वर्तमानपत्रात डोके खुपसले.

"बोलत नाहीस म्हणजे तूच! अरे, कॉलेजात पोरांना शिस्त लावतोस ना? मग घरात तुला कोणी लावायची?"

आमची सौभाग्यवती पदर तोंडाशी धरून हसत होती. पण खरे सांगतो, ती बोलणी मला गोड लागली. कारण चार वर्षांपूर्वी आमच्या घरात अक्काचा आवाजच ऐकू येत नसे.

अक्काला दिसत नाही. काचबिंदूने तिची दृष्टी नेली. हा रोग मोठा लबाड. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेकडेची नजर कुरतडतो. समोरचे दिसत राहते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. वेळीच डोळे तपासून घेतले, तर उरलेली तेवढी राखता येते. मेहुणे वारल्यावर मी तिला सांगलीहून पुण्याला आणले, तेव्हा उजेड आणि अंधार यांपलीकडे तिला काही कळत नव्हते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. अक्काच्या हातची भाकरी खाऊन मी एम. ए. झालो. तेव्हा आता हिला जपायचे, असे मी मनाशी ठरवले होते. पहिल्याच आठवड्यात ती चहा करायला गेली आणि वाफेने तिची दोन बोटे भाजली. मी म्हटले, "अक्का, आजपासून तू ओट्यापाशी यायचं नाहीस. सगळं तुला जागेवर मिळेल."

आणि तसे ते मिळू लागले. चहा हातात, पाणी हातात, ताट पुढ्यात. मी स्वतःवर फार खूश होतो. अक्का मात्र दिवसेंदिवस खिडकीजवळच्या खुर्चीत मुरत चालली. "आज काय करू, वन्सं?" असे बायकोने विचारले की उत्तर ठरलेले, "काहीही चालेल." आमटीत गूळ किती घालावा यावरून जी मेहुण्यांशी कडाकडा भांडे, तिला आता काहीही चालू लागले होते.

एका रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मी जाऊन दिवा लावला. अक्का मांडणीपाशी उभी होती. एकेक डबा हातात घ्यायची, झाकण काढून वास घ्यायची, चिमटीत जिन्नस धरून पुन्हा डब्यात सोडायची.

"काही हवंय का गं?" मी विचारले.

चोरी करताना सापडल्यासारखी ती दचकली. "नाही रे. नुसतं बघत होते."

शब्दांचे अर्थ उलगडून दाखवण्यावर माझे पोट चालते. पण 'बघत होते' हे दोन शब्द मला त्या रात्री झोपू देईनात.

मुंबईला ताडदेवची अंधशाळा १९०२ सालची आहे, राष्ट्रीय अंध संघ १९५२ साली निघाला, हे मी वाचून होतो. पण अंधांचे शिक्षण म्हणजे लहान मुले आणि ब्रेल लिपी, अशीच माझी समजूत. उतारवयात दृष्टी गेलेल्यांनाही काठी घेऊन चालायला, घर सांभाळायला, स्वयंपाक करायला पद्धतशीर शिकवतात, हे मला चौकशी केल्यावर कळले. अशा एक शिक्षिका आमच्याकडे येऊ लागल्या. त्या स्वतः जन्मांध. पांढरी काठी टेकीत दोन जिने चढून आल्या आणि पहिलाच प्रश्न त्यांनी केला, "अक्कांना घरात सगळ्यांत जास्त मदत कोण करतं?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"मग शिकवणी चालू असताना तुम्ही बाहेर बसायचं."

मी बाहेर बसलो, पण कान आतच होते. पहिला पाठ रबरांचा. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेला दोन. या वयात ब्रेल शिकेपर्यंत चहा थांबायचा नाही, असे बाई म्हणाल्या. दुसरा पाठ : भांडे आधी शेगडीवर मधोमध ठेवायचे, मग गॅस पेटवायचा. भांड्याचा दांडा ओट्याबाहेर येऊ द्यायचा नाही. पदर खोचायचा. तांदळावर बोट टेकवून पहिल्या पेरापर्यंत पाणी. अक्का हसून म्हणाली, "हे तर मी डोळे होते तेव्हाही असंच करत होते!" विळीही बाईंनी सोडायला लावली नाही, पाते एका जागी उभे असते, आणि ती जागा हाताला ठाऊक असते. मी कौतुकाने आणलेली विजेची शेगडी मात्र त्यांनी परत पाठवली. काचेसारखी गुळगुळीत, बोटाला लागेल असे एक बटण नाही. "ही डोळसांची शेगडी," असा शेरा मारला.

दूध तेवढे दगाबाज. ते आवाज न करता उतू जाते. त्यासाठी दोन भिंतींचे, शिटी वाजवणारे भांडे आणले. बाकीचे पदार्थ बोलके असतात. मोहरी तडतडते, फोडणी चुरचुरते, आमटी रटरटते, पिठले खदखदते. हे अनुकरणवाचक शब्द मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पण आमच्या आज्या-पणज्या स्वयंपाक अर्ध्याहून अधिक कानांनी करीत होत्या, याची ती साक्ष आहे, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते.

चौथ्या पाठाच्या वेळी मला राहवेना. दारातून डोकावलो, तो अक्का उकळती आमटी पातेल्यातून भांड्यात ओतत होती. "अक्का, जपून!" मी ओरडलो. ती दचकली आणि आमटी ओट्यावर सांडली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, त्यांच्या हातानं काही सांडलं नव्हतं. तुमच्या आवाजानं सांडलं."

मी गच्चीवर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. आपण दागिने जपून ठेवतो, म्हणजे कपाटात घालून कुलूप लावतो. माझ्या जपण्याची जातही तीच नव्हती का? दोन बोटे भाजली म्हणून मी तिचे दोन्ही हात काढून घेतले होते. आणि बोटे कोणाची भाजत नाहीत? माझ्या बायकोच्या मनगटावर तव्याचे दोन डाग आहेत. तिला ओट्यापासून दूर बस असे मी कधी म्हटले नाही.

२०१२ साली अमेरिकेतल्या 'मास्टरशेफ' या पाकस्पर्धेत क्रिस्टीन हा नावाच्या अंध स्त्रीने पहिला क्रमांक पटकावला, ही गोष्ट बाईंनी एकदा सांगितली. अक्का क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "तिला म्हणावं, पुरणपोळी करून दाखव." त्या दिवशी मी ओळखले, की आमची अक्का परत आली.

गेल्या दिवाळीत चकल्या तिने तळल्या. झारा घेऊन कढईपाशी उभी, मान किंचित कललेली. चकली सोडली की तेल चुरचुर आवाज करीत उसळते. आतला ओलावा जातो तसतसा तो आवाज ओसरतो. "ऐक," ती मला म्हणाली, "आता झाली." झाऱ्यावर आलेली चकली नेमकी खमंग, तांबूस होती. मी ऐकत होतो खरा, पण मला काही वेगळे ऐकू आले नव्हते. माझे डोळे मध्ये येत होते.

परवाच्या बोलण्यांनंतर मी सुधारलो आहे. काल रात्री ताक पिऊन झाल्यावर डोळे मिटले, बरणीवरून बोट फिरवले, एकच रबर असल्याची खात्री करून घेतली आणि मिठाची बरणी तिच्या जागी ठेवली. आतल्या खोलीतून आवाज आला, "ठेवलीस का नीट?"

"ठेवली, अक्का."

"सकाळी कळेलच," ती म्हणाली.