प्रवास कोणाच्या खात्यात?

शासनव्यवहारात रस्त्याचे खाते ठरलेले असते, पुलाचे ठरलेले असते, रेल्वे स्थानकाचे, बसचे आणि नदीवरील घाटाचेही ठरलेले असते. प्रवासाचे खाते मात्र नसते. स्वतःची मोटार असलेल्या माणसास ही उणीव जाणवत नाही, कारण घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे सर्व तुकडे त्याची मोटारच जोडते. मोटार नसलेल्या कुटुंबाने तीन दिवसांची साधी सहल आखावयास घेतली, की हे तुकडे कोठे कोठे सुटलेले आहेत ते एकेक करून दिसू लागते.

मी नोकरीनिमित्त जबलपूरला राहतो. माझी मोठी बहीण आणि मेहुणे अमरावतीला असतात. त्यांचा मुलगा व्हिएन्नाला नोकरीस आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात ती दोघे, बरोबर नऊ वर्षांची नात, अशी तिघे त्याच्याकडे जाऊन आली. मुलाला रजा नव्हती. त्याने एका कागदावर चार दिवसांचा कार्यक्रम लिहून दिला आणि हाती मुदतीची तिकिटे ठेवली. जर्मनचा एक शब्द येत नसताना ताई नातीला घेऊन मेट्रोच्या यू-४ मार्गाने शॉनब्रुन राजवाड्याला गेली, बागेत दिवेलागणीपर्यंत बसली आणि परत आली. परत आल्यानंतर फोनवर तिने राजवाड्याचे वर्णन फारसे केले नाही. ‘‘मला कोणाला विचारावं लागलं नाही रे,’’ एवढेच तीन-तीनदा सांगितले. वय एकोणसत्तर. एवढ्या आयुष्यात एकटीने आखून पार पाडलेली तिची ही पहिलीच सहल असावी.

त्यानंतर या वर्षी फेब्रुवारीत ती मंडळी आमच्याकडे येणार असे ठरले, तेव्हा तिने अट घातली. ‘‘तुझी गाडी नको आणि ऑफिसची तर नकोच नको. तू फक्त तसा कागद करून दे. आम्ही आमचे फिरू.’’

येथवर पोहोचण्याचा प्रश्न नव्हता. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० साली ज्या ठिकाणी जोडला गेला, ते हे जबलपूर. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. अमरावतीहून नागपूर-इटारसीमार्गे रेल्वेने येता येते. मुंबईहून गरीबरथ आणि महानगरी आहेत. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे येणारी जुनी अरुंद लोहवाट आता रुंद झाली आहे. हजार किलोमीटरचा प्रवास घरबसल्या मिनिटांच्या हिशेबाने आखता येतो. कागद अडला तो पुढच्या वीस-पंचवीस किलोमीटरांवर.

पहिला दिवस सोपा होता. भंवरताल येथील राणी दुर्गावती संग्रहालय, बडा फुहाऱ्याचा बाजार आणि संध्याकाळी ग्वारीघाटावरील नर्मदेची आरती. शहरातल्या शहरात ई-रिक्षा व ऑटो पुरेसे आहेत. तिसरा दिवसही जमण्यासारखा होता. मदन महलाचा गोंडकालीन किल्ला आणि त्याच्या वाटेवरील तो प्रसिद्ध तोललेला खडक, जो २२ मे १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही. चढ आहे, परंतु सकाळी उन्हाआधी सावकाश जाता येते.

दुसरा दिवस भेडाघाटचा. जबलपूरला येऊन भेडाघाट न पाहणे म्हणजे पंढरपूरला जाऊन वेशीवरूनच परतणे. धुआंधारचा धबधबा, कलचुरींच्या काळातील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर, संगमरवरी कड्यांमधून जाणारी नाव. २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या परिसराचे नाव आहे. तेथे जावयाचे कसे, हे मी लिहिले. तेथून शेवटचे वाहन किती वाजता सुटते, ही ओळ मात्र मला लिहिता येईना.

तीन ठिकाणी दूरध्वनी केले. सर्वांनी सौजन्याने उत्तरे दिली. पहिल्या ठिकाणी त्यांची जबाबदारी कोठवर आहे ते कळले. दुसऱ्या ठिकाणी, पुढे ‘सामायिक वाहने मिळतात’ असे कळले. तिसऱ्या ठिकाणी नेमकी वेळ विचारली तेव्हा उत्तर आले, ‘‘सवारी भर जाए तो निकलती है, साहब.’’ यात कोणी खोटे बोलले नाही, कोणी काम चुकविले नाही. प्रत्येकाने आपापला तुकडा अचूक सांगितला. तुकड्यांमधील जागा कोणाच्याच दप्तरात नव्हती.

याची कारणे रचनेत आहेत. शहर बस ही शहराची. भेडाघाटला त्याची स्वतंत्र नगर परिषद. भेडाघाट नावाचे रेल्वे स्थानक आहे, पण तेथे मोजक्याच गाड्या थांबतात, धबधबा तेथून काही किलोमीटरवर, आणि रेल्वे हा केंद्राचा विषय. प्रवासी वाहनांचे परवाने परिवहन खात्याकडे, पर्यटकांना बोलावण्याचे काम पर्यटन खात्याकडे. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला आणि गावोगावची वाहतूक खासगी परवानाधारकांच्या हाती गेली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली, ती हीच पोकळी भरण्यासाठी. मधल्या वीस वर्षांत एक पिढी ‘बसची वेळ’ हा शब्दप्रयोगच विसरली.

‘व्हिएन्ना श्रीमंत आहे, तुलना कशाला?’ असे येथे म्हटले जाईल. परंतु ताईच्या हातातील तिकिटामागे श्रीमंतीपेक्षा एक प्रशासकीय करार अधिक आहे. व्हिएन्ना आणि भोवतालच्या प्रदेशासाठी १९८४ साली एक वाहतूक संघ स्थापन झाला. रेल्वे, ट्राम, बस यांचे मालक वेगवेगळेच राहिले. तिकीट आणि वेळापत्रक मात्र प्रवाशाच्या दृष्टीने एक झाले. २०१२ पासून २०२५ अखेरपर्यंत तेथील वर्षभराचे तिकीट ३६५ युरोस, म्हणजे दिवसाला एक युरो या दराने मिळत होते. पुढे दर वाढला, पण व्यवस्था तीच आहे. आपल्याकडेही २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने दहा लाखांहून मोठ्या शहरांसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली होती. वाहनांची नव्हे, माणसांची ये-जा हे नियोजनाचे केंद्र असावे, असे त्याच धोरणात म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर नागरी समूहाची लोकसंख्या साडेबारा लाखांवर आहे. शिफारशीस पात्र ठरण्याइतके हे शहर निश्चितच मोठे आहे.

आणि व्हिएन्ना दूर वाटत असेल तर मुक्कामाची एसटी आठवावी. महाराष्ट्रातील खेड्यात वाढलेल्या प्रत्येकास ती ठाऊक आहे. रात्री गावात येऊन थांबणारी, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपणारे, आणि पहाटे तालुक्याला सुटणारी. तिच्यात आराम नव्हता, वेग नव्हता, अनेकदा काचाही नव्हत्या. पण ती होती. तिच्या भरवशावर माणसे तालुक्याच्या कचेरीत पाच वाजेपर्यंत थांबू शकत, मुली कॉलेजला जाऊ शकत. आमच्या मेहुण्यांना पंचाहत्तरीनंतर एसटीत तिकीट पडत नाही, ताईला २०२३ पासून अर्धे पडते. या सवलती चांगल्याच आहेत. पण त्यांचा उपयोग, शेवटची गाडी खरोखर येणार असेल तरच. भरवसा ही सार्वजनिक वाहतुकीची पहिली सवलत होय.

ऑगस्ट २०२५ मध्ये जबलपुरात मदन महल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. काम उपयुक्त आहे. गर्दीच्या रस्त्यावरचा पुष्कळ वेळ त्याने वाचतो. अशा पुलाचे यश मोजणे सोपे असते, कारण तो एका विभागाचा असतो, त्याची लांबी असते आणि उद्घाटनाची तारीख असते. साडेसहाच्या शेवटच्या बसचे उद्घाटन होत नाही. ती रोज सुटली तर बातमी नाही आणि सुटली नाही तरी बातमी नाही.

शेवटी ताईच्या कागदावर भेडाघाटचा दिवस मी परतीकडून लिहिला. चार वाजता निघावयाचे, हे प्रथम. मग त्यामागे मोजत, नाव दुपारी, धबधबा सकाळी, घरून नाश्ता करून आठला बाहेर. ज्यांना कुटुंबासह येथे मोटारीविना यावयाचे असेल, त्यांनीही असेच करावे. परतीचे वाहन सकाळीच, थांबण्याच्या पैशांसह ठरवावे. चौसष्ट योगिनींच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा वृद्धांसाठी वेगळा वेळ धरावा. पावसाळ्यात नावा बंद असतात, म्हणून हिवाळा उत्तम.

मंडळी त्याप्रमाणे जाऊन आली. सारे पाहून झाले, काही बिघडले नाही. नातीला धबधब्याचे तुषार फार आवडले. मेहुणे म्हणाले, उत्तम व्यवस्था. ताई मात्र रात्री भाजी निवडताना म्हणाली, ‘‘नाववाला सांगत होता, ऊन उतरलं की कडे पिवळे होतात. आम्ही तेव्हा रस्त्याला लागलो होतो.’’

मोटारवाल्यांनी ती संध्याकाळ पाहिली असेल. नर्मदा सर्वांची आहे, घाट सरकारचा आहे, रस्ता सार्वजनिक पैशाने झालेला आहे. तरी दिवसाचे शेवटचे दोन तास व्यवहारात ज्यांचे वाहन त्यांचे झाले आहेत. ते परत करण्यास मोठी योजना लागत नाही. धुआंधारच्या वाहनतळावर एक फलक हवा, त्यावर शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ हवी, आणि ती गाडी सवारी भरो वा न भरो, त्या वेळी सुटली की नाही याची दररोज नोंद घेणारा एक अधिकारी नावानिशी नेमलेला हवा. सर्व खात्यांच्या सीमा आहेत तेथेच राहू द्याव्यात. त्या सीमांवरून माणूस अंधार पडल्यावरही घरी पोहोचेल, एवढे काम मात्र कोणाच्या तरी दप्तरात लिहिले गेले पाहिजे.